लोखंडी टोपावरची जाळी आणि गोणपाटाच्या पट्ट्या

जुन्या लष्करी हेल्मेटांच्या जाळीविषयी आणि तिच्यात गुंफल्या जाणाऱ्या कापडी पट्ट्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीच्या मोहिमेवर गेले होते. त्यांचे पसरट कडेचे पोलादी हेल्मेट आमच्या घरी आहे. त्यावर दोरीची जाळी असून तिच्यात विटलेल्या कापडाच्या दोन-तीन चिंध्या अडकलेल्या आहेत. जुन्या छायाचित्रांत दिसते तशी पट्ट्यांनी भरलेली जाळी करून हे हेल्मेट दिवाणखान्यात ठेवावे, असे घरच्यांना वाटते. पट्ट्या कशा बांधाव्यात?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पट्ट्या जरूर बांधा, मात्र त्यासाठी नवी जाळी घ्या आणि आजोबांची जाळी आहे तशी राहू द्या. ज्यांना आपण चिंध्या म्हणता, त्या बहुधा मूळ पट्ट्यांचे उरलेले तुकडे असावेत. पट्ट्या बांधण्याचे काम सैनिक स्वतःच करीत असे. त्यामुळे कोणती गाठ कुठे मारली, पट्टी किती ओढली, कुठे जागा मोकळी सोडली, हे सारे त्याच्या हातचे असते. पोलादी टोप कारखान्यातून हजारोंनी निघाले, परंतु त्यावरची ती गाठ एकाच माणसाने मारलेली असते. ती सोडून पुन्हा मारली की तिच्यातले सांगण्यासारखे सगळे संपते.

आधी जुन्या जाळीची व्यवस्था पाहू. हेल्मेटची चारही बाजूंनी, वरून आणि आतून छायाचित्रे काढून ठेवा. जाळी कडेवरून ओढून काढण्याचा मोह टाळा, कारण जुनी दोरी नेमकी कडेवर वळते तिथेच ठिसूळ झालेली असते आणि पहिल्याच ओढीला तुटते. ती आपोआप सैल होऊन निघत असेल तरच काढा आणि आम्ल नसलेल्या कागदात सपाट गुंडाळून ठेवा. निघत नसेल तर ती हेल्मेटवरच राहू द्या आणि दिवाणखान्यात मांडण्यासाठी त्याच घडणीचे दुसरे साधे हेल्मेट मिळवा. जाळी धुऊ नका. मऊ कुंचल्याने धूळ सैल करावी आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर मलमलीचा तुकडा बांधून ती ओढून घ्यावी, एवढी सफाई पुरेशी आहे.

आता नव्या पट्ट्यांकडे वळू. मूळ पट्ट्या हेशियनच्या, म्हणजे तागाच्या विरळ विणीच्या गोणपाटाच्या असत. आपल्याकडे बारदानाच्या व्यापाऱ्याकडे नवे कोरे गोणपाट वारावर मिळते. खत, सिमेंट किंवा मीठ भरलेली जुनी पोती या कामी वापरू नयेत, कारण त्यांच्यातले क्षार धाग्यात मुरलेले असतात आणि पोलादाला लागले की गंज धरतो. नव्या गोणपाटालाही तेलकट वास येतो. ताग कातण्यापूर्वी त्याला तेल चोळतात, त्याचा तो वास असतो. कापड गरम पाण्यात साबण घालून दोनदा धुतल्याशिवाय त्यावर रंग नीट चढत नाही.

रंगासाठी चहाचे पाणी वापरण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण तो मानू नका. चहातले टॅनिन लोखंडाच्या गंजाशी संयोग पावून काळे डाग पाडते आणि ते रंगावरून निघत नाहीत. सुती कापडासाठी मिळणारा साधा रंग तागावरही बसतो. त्यात मीठ घालावे लागते. म्हणून रंगवल्यानंतर पाणी अगदी स्वच्छ निघेपर्यंत कापड खळबळून घ्यावे. कापडात राहिलेले मीठ हवेतला ओलावा ओढते आणि तो थेट हेल्मेटच्या पृष्ठभागावर पोचतो. एक गडद हिरवा, एक फिकट हिरवा आणि एक तपकिरी असे तीन रंग पुरतात, आणि थोडे कापड न रंगवताच ठेवावे. रंगवलेले कापड काही दिवस उन्हात टाकले की नवेपणाचा भडकपणा जातो.

कापण्यापूर्वी जिथे कापायचे तिथला एक धागा टोकाला धरून पूर्ण ओढून काढावा. तो निघाल्यावर कापडात जी बारीक मोकळी रेघ उमटते, तिच्यावरून कात्री चालवली तर पट्टी सरळ कापली जाते आणि कडेचे धागे एकाच बाजूने सुटत जात नाहीत. रुंदी अडीच ते चार सेंटीमीटर आणि लांबी पंधरा ते पंचवीस सेंटीमीटर असावी, पण सगळ्या पट्ट्या एकाच मापाच्या नकोत. कडा थोड्या उसवलेल्या असणे चांगलेच, कारण सुटलेल्या धाग्यांनी पट्टीची सरळ रेघ मोडते.

बांधण्याचे काम हेल्मेटवर करू नये. त्याच घेराचे पातेले पालथे घालून त्यावर जाळी ताणावी, म्हणजे ओढाताणीत मूळ रंग खरवडला जात नाही. पट्टी अडकवण्याच्या दोन पद्धती उपयोगी आहेत. पहिलीत पट्टी जाळीच्या एका दोरीखालून, पुढच्या दोरीवरून, पुन्हा खालून अशी ओवत न्यायची आणि दोन्ही टोकांना दोरीभोवती एकेक वेढा देऊन साधी गाठ मारायची. अशी पट्टी अंगालगत बसते आणि सहसा सुटत नाही. दुसरीत पट्टी मधोमध दुमडून तिचा फासा दोरीखालून वर काढायचा, दोन्ही टोके त्या फाशातून ओवून घट्ट ओढायची. ही टोके मोकळी लोंबतात. माथ्यावर पहिली आणि कडेलगत दुसरी पद्धत वापरावी. डिंक, फेविकॉल, गरम गोंद, टाचण्या किंवा स्टेपलर यांतले काहीही वापरू नये.

इथे आग्रहाने सांगण्याजोगी गोष्ट ही की पट्ट्या कुठे बांधायच्या हे त्या कशासाठी आहेत यावरून ठरते. दुरून पाहणाऱ्याला हेल्मेट ओळखू येते ते मुख्यतः त्याच्या गोल रेषेमुळे, ओल्या पोलादावरच्या चकाकीमुळे आणि पसरट कडेखाली पडणाऱ्या धारदार सावलीमुळे. पट्ट्यांचे काम या तिन्ही गोष्टी मोडण्याचे आहे. शिवाय जाळीत झाडाची डहाळी खोचता येते आणि फांदी घासली तर होणारा आवाजही कमी होतो. म्हणून कडेवर पट्ट्या दाट असाव्यात, माथ्यावर विरळ असाव्यात आणि डहाळी खोचण्यासाठी मधेमधे जाळी उघडी राहावी. सध्या विकायला येणाऱ्या बऱ्याच तयार जाळ्यांवर पट्ट्या ओळीने, सारख्या अंतरावर आणि रंगांच्या क्रमाने लावलेल्या असतात. दिसायला त्या नेटक्या असल्या तरी दुरून त्यांचा पुन्हा एक गोल ठिपकाच दिसतो. कपाळावरच्या पट्ट्या आखूड ठेवाव्यात, कारण डोळ्यांवर लोंबणारी पट्टी कोणत्याही सैनिकाने कापूनच टाकली असती.

जाळी हेल्मेटवर चढवताना कडेखाली चार-पाच सेंटीमीटर वळेल इतकी सैल ठेवून आतली नाडी आवळावी. त्या काळच्या अनेक छायाचित्रांत जाळीखाली जखमेवर बांधायच्या मलमपट्टीचे पाकीट खोचलेले दिसते, तेही ठेवता येईल. नव्या जाळीच्या आतल्या बाजूस, नाडीजवळ, कापडाचा छोटा तुकडा शिवून त्यावर ती केव्हा केली ते अवश्य लिहा. आज घरात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट पुढच्या पिढीला ठाऊक नसते, आणि तुम्ही श्रद्धेने केलेली जाळी उद्या कोणी अस्सल म्हणून विकू नये. पावसाळ्यात मात्र ही जाळी काढून ठेवावी. ताग ओल धरून ठेवतो आणि त्याखालचा पत्रा कोरडा होत नाही.

प्रश्न : माझ्या संग्रहात ब्रिटिश बनावटीचे मार्क दोन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले पसरट कडेचे हेल्मेट आहे. ते कोणत्या आघाडीवर वापरले गेले याची काहीही माहिती नाही. पट्ट्यांसाठी कोणते रंग निवडावेत?
— एक संग्राहक, पुणे

उत्तर : माहिती नसेल तर आधी हेल्मेटलाच विचारा. कडेच्या आतल्या बाजूस कारखान्याची खूण आणि बहुधा वर्षही ठोकलेले असते. चुंबकही जवळ नेऊन पाहा. लढाऊ सैनिकांसाठी केलेले टोप मँगनीज पोलादाचे असत आणि त्याला चुंबक चिकटत नाही. घुमटाला चुंबक घट्ट चिकटला आणि कडेजवळ लहान भोके पाडलेली दिसली, तर ते साध्या पोलादाचे, ब्रिटनमधल्या नागरी संरक्षणासाठी दिलेले हेल्मेट असण्याचा संभव फार मोठा आहे. त्यावर हिरव्या-तपकिरी पट्ट्यांची जाळी घालणे चुकीचे ठरेल.

लढाऊ हेल्मेट असेल तर रंग आघाडीप्रमाणे ठरतो. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात टोपावर वाळूच्या रंगाचा लेप असे आणि हिरव्या पट्ट्यांना तिथे काही अर्थ नव्हता. ब्रह्मदेशात लढलेल्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेतील पुष्कळ सैनिक रुंद कडेची फेल्टची टोपी घालत, त्यामुळे त्या आघाडीचे चित्र उभे करायचे तर पोलादी टोपाचा आग्रहच धरू नये. पट्ट्यांची जाळी सर्वांत जास्त शोभते ती 1944 च्या उन्हाळ्यापासूनच्या, फ्रान्समधील नॉर्मंडीच्या आणि इटलीच्या आघाड्यांना. इटलीतही जागेप्रमाणे फरक करावा. मराठा पलटणीतले नाईक यशवंत घाडगे यांना ज्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मरणोत्तर मिळाला, ती 10 जुलै 1944 ची लढाई टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, भर उन्हाळ्यात झाली. तिथे वाळलेल्या गवताचे पिवळट-तपकिरी रंग अधिक घ्यावेत. शिपाई नामदेव जाधव यांनी तोच सन्मान मिळवला तो 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीच्या बांधावर, ऐन वसंतात. त्या लढाईसाठी हिरवा रंग वाढवावा.

आणखी एक शक्यता विसरू नका. याच घडणीचे टोप आपल्या सैन्यात स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे होते आणि 1965 व 1971 च्या युद्धांतील छायाचित्रांत ते जाळीसह दिसतात. आपले हेल्मेट भारतीय सैन्याच्या जुन्या सामानातून आलेले असेल तर त्याला इटलीला नेण्यापेक्षा त्या काळाची साधी जाळी देणे अधिक खरे होईल.

प्रश्न : शाळेच्या नाटकात सैनिकाच्या भूमिकेतील मुलांना खरी जुनी हेल्मेटे जाळी आणि पट्ट्या लावून घालायला द्यावीत का?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : देऊ नयेत. पहिल्या महायुद्धातील ब्रोडी पद्धतीच्या, म्हणजे पसरट कडेच्या ब्रिटिश हेल्मेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस आढळल्यामुळे 2014 मध्ये ब्रिटनमधील शाळांना ती मुलांना घालू न देण्याच्या सूचना मिळाल्या होत्या. जुन्या गॅस मास्कबाबतही तीच सूचना होती. अस्तर फाटलेले असेल तर मोठ्यांनीही ते उकलू नये आणि झटकू नये. नाटकासाठी प्लास्टिकची किंवा कागदाच्या लगद्याची हेल्मेटे घेऊन त्यांवर जाळी चढवावी. पट्ट्या बांधण्याचे काम मुलांनाच करू द्यावे. त्यांच्या हातून त्या आपोआपच वेड्यावाकड्या बांधल्या जातात आणि तशाच त्या हव्या असतात.

प्रश्न : माझ्याकडे अमेरिकन एम-1 हेल्मेट आहे. त्यावर ब्रिटिश पद्धतीच्या पट्ट्या लावणे योग्य होईल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : होय, पण काळ सांभाळून. एम-1 हे हेल्मेट 1941 मध्ये अमेरिकन सैन्याने स्वीकारले. नॉर्मंडीच्या आक्रमणापूर्वी अमेरिकन तुकड्या इंग्लंडमध्ये तळ देऊन असताना त्यांना ब्रिटिश जाळ्या आणि गोणपाटाच्या पट्ट्या मिळाल्या, आणि जून 1944 मधील अमेरिकन छत्रीधारी सैनिकांच्या छायाचित्रांत पट्ट्यांनी भरलेल्या जाळ्या ठळकपणे दिसतात. आपले हेल्मेट त्या काळाचे आहे का, हे त्याच्या कडेवरून पाहता येते. कडेभोवतीच्या धातूच्या पट्टीचा जोड आधीच्या हेल्मेटांत पुढे, कपाळावर असे. 1944 च्या उत्तरार्धात तो मागे नेण्यात आला. जोड मागे असेल तर नॉर्मंडीच्या पहिल्या दिवसाचे रूप त्याला देऊ नये. जोड पुढे असेल तर वर सांगितलेल्या दोन्ही गाठी चालतील. मात्र एम-1 ची कड अरुंद आणि घुमट खोल असल्यामुळे लोंबत्या पट्ट्या कमी ठेवून ओवलेल्या पट्ट्या अधिक घ्याव्यात आणि हनुवटीचा पट्टा जिथे टोपाला जोडलेला असतो, त्या कड्यांजवळची जागा मोकळी सोडावी.