शब्द सुरावरून घसरतात, काय करू?

प्रश्न : सर नमस्कार, मी सांगलीत विश्रामबागला लहान मुलांचे कीबोर्डचे क्लास घेते. गॅदरिंगसाठी एक समूहगीत म्यूजस्कोरमध्ये (संगीत लिहायचं सॉफ्टवेअर) लिहिलं, तीन गटांसाठी तीन स्टाफ (सूर लिहायच्या पाच रेघा), खाली मराठी शब्द आणि वर 'हळू', 'जोरात' वगैरे. सगळं माउसनं ओढून ओढून नीट बसवलं आणि मग सुरुवातीला दोन बार (उभ्या रेघांमधले तालाचे खण) वाढवले तर सगळे शब्द इकडचे तिकडे, माझ्या लक्षातच आलं नाही, प्रिंट तशीच गेली. 'हळू' भलत्याच सुरावर आणि पोरं बरोब्बर तिथंच हळू झाली! दरवेळी परत ओढत बसायचं का?

उत्तर : अहो ताई, ओढण्यानंच तर घोळ झालाय. तुम्ही शब्द टाकायला कंट्रोल-टी दाबता तेव्हा जो सूर निवडलेला असतो त्याला तो शब्द बांधला जातो, नंतर माउसनं कितीही लांब न्या, गाठ तिथंच राहते, बदलतं ते नुसतं अंतर. ओढताना शब्दापासून एक तुटक रेघ दिसते ना, ती कुठं जाते बघा. तुमचा 'हळू' बहुतेक बारच्या पहिल्या सुराला बांधलाय आणि नेऊन ठेवलाय तिसऱ्यावर, मग बार जरा रुंद झाला की गेलाच तो. शब्द कट करा, खरा सूर क्लिक करून तिथं पेस्ट करा आणि कंट्रोल-आर दाबा, म्हणजे आधीची ओढाओढ पुसली जाते.

शब्द सुराच्या डाव्या कडेपासून सुरू होतो, मध्यावर हवा असेल तर फॉरमॅटमध्ये स्टाईल, तिथं टेक्स्ट स्टाईल्स, एकदाच बदला, एकेक शब्द धरून बसू नका.

आता गाण्याचे शब्द. माझा अंदाज, तुम्ही अख्खी ओळ एकाच टेक्स्टमध्ये स्पेसबार मारत मारत टाईप केलीय (मीही केलंय हे, लपवत नाही). अशा ओळीला गाठ एकच, बाकीची अक्षरं वाऱ्यावर. त्यापेक्षा पहिला सूर निवडून कंट्रोल-एल दाबा, ती गाण्याचे शब्द लिहायचीच सोय आहे. 'पाऊस' असेल तर पा, हायफन, ऊ, हायफन, स, आणि शब्द संपला की स्पेस, दरवेळी कर्सर आपोआप पुढच्या सुराखाली जातो. अक्षर लांबवायला भातखंडे स्वरलेखन पद्धतीत आपण ऽ काढतो, इथं शब्दाच्या शेवटच्या अक्षराला अंडरस्कोर, पुढच्या शब्दाच्या सुराखाली कर्सर येईपर्यंत दाबत राहा. मग खुशाल दहा बार वाढवा, अक्षर सूर सोडत नाही.

आणि 'सावकाश' असं लय सांगणारं काही असेल तर ते कंट्रोल-टीनं नको, ऑल्ट-शिफ्ट-टी, त्यात सुराचं चिन्ह, बरोबरचं चिन्ह (=) आणि ६० असं लिहिलं तर वाजवून ऐकतानाही म्यूजस्कोर लय तेवढीच धरतो. अजून एक, तिन्ही गटांचे कागद वेगळे काढणार असाल तर कंट्रोल-टीचा शब्द फक्त त्याच गटाच्या कागदावर येतो. सगळ्यांना दिसायला हवा असेल तर कंट्रोल-शिफ्ट-टी, नाहीतर एक गट हळू आणि दोन गट धडाधडा वाजवणार.