दर उन्हाळ्यात गॅस किती वेळा भरायचा?

प्रश्न : माझी 2008 सालची गाडी रत्नागिरीत असते. एसीचा गॅस भरला की महिन्याभरात गार हवा बंद. मेकॅनिक कंडेन्सर (ग्रिलमागची, गॅस गार करणारी जाळी) बदला म्हणतो. बदलू का?

उत्तर : बदला, पण गळती तिथलीच आहे हे आधी डोळ्यांनी बघा. ग्रिलमधून टॉर्च मारा. गॅसबरोबर तेलही झिरपतं, त्यावर धूळ बसून काळा, ओशट डाग दिसतो. शंका असेल तर नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावायला सांगा, गळती असेल तिथे बुडबुडे येतील. समुद्राच्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमची जाळी पांढरी पडून हातात भुगा येतो. अशा कंडेन्सरला झाळून घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

ड्रायर, म्हणजे गॅसमधला ओलावा शोषणारा भाग, मात्र त्याच वेळी नवाच घाला. लोक इथे काटकसर करतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण उघडी पडलेली सिस्टीम ओलावा ओढते आणि पुढे कॉम्प्रेसर जातो. ओ-रिंगही (जोडांमधल्या रबरी कड्या) नव्या, एसीच्या तेलात बुडवून. अर्धा तास तरी व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं. आर-134ए गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या वजनाइतकाच, काट्यावर मोजून. उरलेला जुना गॅस मशीनने काढून घ्यायला सांगा, हवेत सोडू देऊ नका.