टेक्निकल रायटर होऊ पाहणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

इंजिनिअरिंग झालंय, कोडिंगमध्ये जीव रमत नाही, लिहायला आवडतं, पण शाळा मराठी माध्यमाची. अशा स्थितीत टेक्निकल रायटर, म्हणजे यंत्रं किंवा सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देणारी, होता येईल का, असं तू विचारलंस. येईल. इंग्रजीची धास्ती आधी काढून टाक. आपल्या नागपूरच्या मिहान प्रकल्पात विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचं केंद्र आहे. त्या क्षेत्रातल्या मॅन्युअलसाठी एएसडी-एसटीई१०० नावाचं मानक वापरतात. कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५ शब्दांचं, आणि शब्दही ठरावीक यादीतले, असा त्याचा नियम. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, अशा मेकॅनिकलाही ते एका वाचनात कळावं म्हणून हा खटाटोप. इतकं नेमकं इंग्रजी तुला सरावाने नक्की जमेल.

खरी मेहनत वेगळ्या ठिकाणी आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीत मशीनशेजारी मॅन्युअल उघडून काम करणारा ऑपरेटर कधी मिळाला तर थोडा वेळ नुसती बघत उभी राहा. तो पूर्ण पान वाचून मग कामाला लागत नाही. एक ओळ वाचतो, तेवढं करतो, मग पुढची वाचतो. आता मॅन्युअलमध्ये असं आहे समज: ‘कव्हर काढा. त्याआधी वीजपुरवठा बंद असल्याची खात्री करा.’ व्याकरण चोख, माहिती खरी, पण दुसरं वाक्य वाचेपर्यंत कव्हर निघालेलं असतं! म्हणून इशारा नेहमी कृतीच्या आधी. आणि ‘खात्री करा’ म्हणजे नेमकं काय करायचं? मेन स्विच बंद करा, त्याला कुलूप लावा, टेस्टरने तपासा. पॅनलवरचा दिवा विझला म्हणजे सप्लाय गेलाच असं नसतं, दिवाच उडालेला असू शकतो. असल्या गोष्टी बऱ्याचदा ड्रॉइंगमध्ये सापडत नाहीत, इलेक्ट्रिशियनच्या शेजारी बसल्यावर कळतात. त्याला विचारायची लाज वाटू देऊ नकोस.

सॉफ्टवेअरमध्येही हेच. एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची ठरलेली पद्धत. तिच्या डॉक्युमेंटमध्ये कधीकधी ४०१ आणि ४०३ या दोन्ही एररपुढे नुसतं ‘ॲक्सेस नाही’ लिहिलेलं असतं. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, टोकन (ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर) तपास. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही, ॲडमिनला गाठ. हा फरक एका ओळीत सांगितला नाही, तर रात्री उशिरा काम करणारा डेव्हलपर उगाच नवनवी टोकनं बनवत बसतो. त्याचा तो वेळ वाचवणं हे आपलं काम, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

इंजिनिअर बोलायला वेळ देत नाहीत, ही तक्रार तुझ्याही कानावर येईल. ‘जरा समजावून सांगा ना’ असं म्हणत जाऊ नकोस. स्वतः वापरून बघ, तुला समजलं तसं लिही आणि तो कागद पुढे ठेव. कोरा कागद भरायला कुणाला वेळ नसतो, चुकीचं वाक्य दुरुस्त करायला मात्र सगळे सरसावतात.

मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मजकूर मांडायची पद्धत) आणि गिट (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) शिकून घे, फार दिवस लागत नाहीत. मोठी यंत्रसामग्री किंवा विमान क्षेत्राकडे वळलीस तर डिटा किंवा एस१०००डी या मोठी मॅन्युअलं तुकड्यातुकड्यांत रचायच्या मानकांशी गाठ पडेल, ते तेव्हा बघू. महागड्या सर्टिफिकेटच्या मागे मात्र आत्ता लागू नकोस. असं सर्टिफिकेट देणारी, या व्यवसायाची अमेरिकेतली १९५३ सालची जुनी संस्था, एसटीसी, २०२५ मध्ये बंद पडली. स्वतः लिहिलेले नमुने दाखव, ते जास्त बोलतात.

एआयबद्दल तू घाबरत घाबरत विचारलंयस. मसुदा तो झटपट देतो, वापर की. पण स्क्रीनवर नसलेलं बटणही तो तितक्याच आत्मविश्वासाने लिहून देतो. ते बटण आहे की नाही, हे कुणीतरी दाबून बघावं लागतं. ती सवय आत्तापासून लाव. नुसती भाषा सुधारून देणाऱ्यांची कामं कमी होतील, असं माझं मत आहे.

नागपुरात या पदाच्या जागा थोड्या. मिहानमधल्या, परसोडीच्या आयटी पार्कमधल्या कंपन्यांवर लक्ष ठेव, बुटीबोरीच्या कारखान्यांतही विचार. पुणे, बंगळुरू, हैदराबादला संधी जास्त आहेत, घरून करता येणारी कामंही मिळतात. पहिली नोकरी बाहेरगावी मिळाली तर घरच्यांशी मी बोलेन.

तोवर एक कर. एखादं ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं, सॉफ्टवेअर निवड आणि ज्यावर ते आधी कधीच नव्हतं अशा लॅपटॉपवर, फक्त त्यांच्या सूचना वाचून, इन्स्टॉल कर. जिथे जिथे अडशील तिथे लगेच टिपून ठेव, कारण एकदा जमलं की आपण कुठे अडलो होतो ते आठवत नाही. मग त्या सूचना दुरुस्त करून प्रकल्पाला पाठव. त्यांनी स्वीकारल्या तर तो तुझा पहिला नमुना. नाही स्वीकारल्या तर काय म्हणाले ते मला कळव, आपण दोघी बसून बघू.

तुझी,
ताई