मुंबईच्या दमट हवेत पांढऱ्या फुलांचा कोरडा, पावडरसारखा परफ्यूम कसा वाटतो?

माझ्या अनुभवाने तो फार सुखद वाटतो, मात्र हात राखून लावायला हवा. मोगरा आणि जाई यांच्या वासात इंडोल नावाचे द्रव्य असते, आणि दादरच्या फुलबाजारातला ताजा गजरा इतका गडद, किंचित उग्र वाटतो तो काही अंशी त्यामुळेच. परफ्यूममधला कोरडेपणा अनेकदा आयरिस या फुलझाडाच्या कंदातून येतो. हे कंद काही वर्षे वाळवून मुरवल्यावरच त्यांत आयरोन हे सुगंधी घटक तयार होतात, आणि त्यांना कृत्रिम कस्तुरीची जोड मिळाली, की तीच ओली फुले टाल्कम पावडरच्या डब्यात ठेवल्यासारखी भासू लागतात. (१९२१ च्या शनेल नंबर ५ या फ्रेंच परफ्यूममध्येही जाईजुईच्या कुळातल्या फुलांना असाच मऊ, पावडरी पोत लाभलेला आहे.)

मे महिन्यात उष्णतेमुळे सुगंध झपाट्याने उडतो आणि घामावर पावडरी वास जड होतो, त्यामुळे लोकलच्या गर्दीत शेजाऱ्यालाही तो नकोसा होऊ शकतो. म्हणून मी आंघोळीनंतर, अंग पूर्ण कोरडे झाल्यावर, मानेमागे एकच फवारा मारते. डिसेंबर-जानेवारीत मात्र दोन फवारे मारले तरी संध्याकाळपर्यंत मनगटाशी धुतलेल्या सुती साडीसारखा स्वच्छ, शांत गंध रेंगाळत राहतो.