संत्री रंग कुठे हरवतो?

प्रश्न : मी शेती सांभाळून संगणकाचा अभ्यास करतो. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवले आहे. खिडकीतल्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या चौकटीत, माझ्या एडिटरमधील अक्षरे संत्री आणि करड्या छटांत सुरेख दिसतात; परंतु कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ दाबून जो काळा पडदा येतो त्यावर मोजकेच रंग उमटतात आणि पिवळा तर मातकट दिसतो. तालुक्याच्या गावी मित्राच्या दुकानातील विंडोज संगणकावरून पुटी हा दूरच्या संगणकाशी जोडणारा टर्मिनल-प्रोग्रॅम वापरून कॉलेजच्या सर्व्हरवर गेलो, की तिथेही संत्रीच्या जागी भडक रंग येतो. दुरुस्ती करणारे म्हणाले, "कार्ड गेलं तुमचं, नवीन टाका लागते." खरोखरच कार्ड बदलावे लागेल काय? दुसरे असे, की फाइलींची रंगीत यादी लेस या, मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या आज्ञेतून पाहिली, की तिचे रंग का नाहीसे होतात?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागावर, एक रुपयाही खर्च करू नका. त्याच लॅपटॉपवर छायाचित्रे नीट दिसत असतील, आणि खिडकीतल्या टर्मिनलमध्ये संत्री रंग दिसतो असे आपणच लिहिता, तर कार्ड आणि पडदा दोन्ही धडधाकट आहेत. टर्मिनलमध्ये किती रंग दिसतील हे ठरते ते प्रोग्रॅम आणि टर्मिनल यांच्यातील बोलीवर. आणि आपल्या दोन तक्रारींपैकी एकीत टर्मिनलची ऐपतच कमी आहे, तर दुसरीत ऐपत असूनही ती सर्व्हरला कळलेली नाही.

प्रोग्रॅम टर्मिनलला रंग पाठवत नाही, क्रमांक पाठवतो. एस्केप या अदृश्य चिन्हाने सुरू होणारी एक छोटी अक्षरमालिका जाते आणि तिच्यातील आकडा टर्मिनल वाचते. एक्मा-४८ या मानकाप्रमाणे ३० ते ३७ हे अक्षरांचे आणि ४० ते ४७ हे पार्श्वभूमीचे रंग : काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, आकाशी आणि पांढरा. लाल, हिरवा आणि निळा हे तीन दिवे लावण्या-विझवण्याच्या सगळ्या तऱ्हा मोजल्या तर आठच भरतात, म्हणून रंगही आठच. ज्या व्हीटी-१०० टर्मिनलची नक्कल आजची बहुतेक टर्मिनले करतात, ते १९७८ सालचे यंत्र तर एकरंगीच होते.

३३ म्हणजे पिवळा हे ठरले, तरी तो नेमका कोणता पिवळा हे टर्मिनल आपल्या मर्जीने ठरवते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची शिंगे रंगवायला बाजारात जाऊन "तीन नंबरचा डबा द्या" म्हणावे आणि दुकानागणिक त्या डब्यात वेगळा पिवळा निघावा, तसा हा प्रकार आहे. आपल्या मातकट पिवळ्याचे मूळ इथेच आहे. १९८१ मध्ये आयबीएमने आणलेल्या सीजीए या कार्डाच्या रंगांत गडद पिवळा शेवाळी दिसे, म्हणून कंपनीच्या रंगीत मॉनिटरमध्ये त्यातील हिरव्याचे प्रमाण घटवून तो तपकिरी केला गेला. ती रंगपेटी पुढच्या कार्डांनी उचलली आणि लिनक्सच्या काळ्या पडद्यानेही, म्हणून चाळीसहून अधिक वर्षांनी आपल्या गावातही तिसऱ्या डब्यात तपकिरीच निघतो.

त्या जुन्या पद्धतीत पडद्यावरील प्रत्येक अक्षरामागे रंगासाठी एकच बाइट, म्हणजे आठ बिट, असे : चार बिट अक्षराच्या रंगाला, तीन पार्श्वभूमीला आणि उरलेला एक अक्षर लुकलुकवण्यासाठी. म्हणून अक्षराला सोळा रंग मिळत आणि पार्श्वभूमीला आठ. आजही त्या काळ्या पडद्याला संत्री मागितला, तरी तो आपल्या सोळांतील जवळचा रंग काढून देतो. ही त्याची मर्यादा आहे, बिघाड नव्हे. त्याबाबत काही करू नये.

आता संत्री येतो कुठून? पुढच्या टर्मिनलांनी २५६ क्रमांकांची यादी स्वीकारली. पहिले सोळा जुनेच. नंतर लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या धरून २१६ मिश्रणे. आणि शेवटी करड्याच्या २४ छटा. हिशेब सोपा आहे : लालच्या पायरीला ३६ ने आणि हिरव्याच्या पायरीला ६ ने गुणावे, निळ्याची पायरी तशीच मिळवावी आणि वर १६ घालावेत. लाल पाच, हिरवा दोन आणि निळा शून्य धरले, तर १८० अधिक १२ अधिक १६, म्हणजे २०८. आपल्या एडिटरमधील संत्री बहुधा हाच असावा. आठ रंगांच्या यादीत संत्रीच नसल्यामुळे तिथे प्रोग्रॅम लाल किंवा पिवळ्यावर भागवतो. याही पुढची पायरी म्हणजे क्रमांक न सांगता तिन्ही रंगांचे प्रमाण ० ते २५५ या आकड्यांत थेट पाठवणे; त्यातून १,६७,७७,२१६ छटा होतात. ही पद्धत न समजणाऱ्या एखाद्या जुन्या टर्मिनलवर आकड्यांचा भलताच अर्थ लागून अक्षरे लुकलुकूही लागतात.

राहिला प्रश्न कॉलेजच्या सर्व्हरचा. सर्व्हरवरील प्रोग्रॅमला आपला पडदा दिसत नाही. त्याला फक्त टर्म या चलातून (व्हेरिएबलमधून) टर्मिनलचे नाव कळते आणि त्या नावापुढे किती रंग लिहिले आहेत हे तो टर्मइन्फो नावाच्या नोंदवहीत पाहतो. पुटी मुळात आपले नाव नुसते "एक्सटर्म" असे सांगते आणि त्या नावापुढे आठच रंगांची नोंद असते. वास्तविक पुटीला २५६ रंग दाखवता येतात. तेव्हा पुटीच्या मांडणीत कनेक्शनखालील डेटा या पानावर टर्मिनल-टाइप स्ट्रिंग असा रकाना आहे, तिथे "एक्सटर्म-२५६कलर" हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहावे, सेशन जतन करावे आणि नव्याने जोडणी करावी. सर्व्हरवर "टीपुट कलर्स" ही आज्ञा दिल्यावर ८ ऐवजी २५६ असे उत्तर आले, म्हणजे काम झाले. टर्मिनल अनोळखी असल्याची तक्रार आली, तर त्या सर्व्हरच्या नोंदवहीत हे नाव नाही असे समजून व्यवस्थापकांना ते घालायला सांगावे.

हेच नाव सर्व्हरवरील सुरुवातीच्या फाइलीत कायमचे लिहून टाका, असा सल्ला आपल्याला पुष्कळ जण देतील. मला तो पटत नाही, कारण मग आपण सोळा रंगांच्या काळ्या पडद्यावरून त्या सर्व्हरवर गेलात, तरी त्याच्याही वतीने २५६ रंगांची खोटी ग्वाही दिली जाईल. ज्याची ऐपत त्यानेच सांगावी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नातही बिघाड नाही. रंगाची निवड "ऑटो" असते तेव्हा यादी देणारी एलएस ही आज्ञा आपले उत्तर टर्मिनलकडे जात आहे की दुसऱ्या प्रोग्रॅमकडे हे आधी तपासते, आणि दुसरीकडे जात असेल तर रंगांचे क्रमांक गाळते, कारण ते एखाद्या फाइलीत शिरले तर नुसता कचरा दिसेल. रंग हवेच असतील, तर एलएसला रंगाची निवड "ऑलवेज" अशी द्यावी आणि लेसला मोठ्या लिपीतील आर हा पर्याय जोडावा.