लाईट गेली की फोल्डर गायब

प्रश्न : सासरे कीर्तनकार होते. त्यांच्या कॅसेट्स मुलाने कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबंटू ही लिनक्स प्रणाली टाकली, बाहेरून हार्ड डिस्क जोडली आणि सांबा हे फोल्डर वाटायचं सॉफ्टवेअर वापरून एक फोल्डर घरात सगळ्यांना दिसेल असा केला. मग तो नोकरीला पुण्याला गेला. आता लाईट जाऊन आली, की माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर तो फोल्डर उघडत नाही. दुकानदार म्हणतो, हा खटाटोप सोडा, नॅस (फायली ठेवून घरभर वाटणारी तयार पेटी) घ्या. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, नॅस घेऊ नका, निदान आत्ता तरी. दुकानदार विकायला बसलाय, त्याचं बरोबरच आहे. पण तुमची रड आहे ती मशीन बदलून जाईलच असं नाही.

आधी एक बघा. लाईट आल्यावर फोल्डरचं नावच सापडत नाही, की नाव दिसतं पण आत काही नसतं? सापडतच नसेल तर संशय राउटरवर. घरातल्या प्रत्येक यंत्राला नंबर वाटायचं काम त्याचं. बंद होऊन सुरू झाला, की स्वस्तातला राउटर जुनं वाटप बऱ्याचदा विसरतो. मुलाने तुमच्या डेस्कटॉपवर १९२.१६८.१.७ असा शॉर्टकट करून दिला असेल आणि तो सात नंबर आज टीव्हीला गेला असेल, तर फोल्डर कुठून उघडणार? राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असतं, तिथे उबंटूवाल्या लॅपटॉपचा नंबर कायमचा बांधून टाका. त्यासाठी त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीचा ओळखक्रमांक, लागतो. वायफायचा वेगळा आणि लॅन केबलचा वेगळा, इथेच लोक फसतात. केबल लावणार असाल तर केबलचाच द्या.

आणि लावाच. १०० एमबीपीएसच्या पोर्टवरून दहा जीबीचा व्हिडिओ जायला पंधरा मिनिटं लागतात. दोन्ही टोकांना केबल आणि राउटरसकट सगळीकडे गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचे) पोर्ट असतील तर दीड-दोन मिनिटांत काम होतं.

नाव दिसतं पण आत रिकामं, असं असेल तर बहुधा उबंटूवाल्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे. लाईट गेली, लॅपटॉप बंद पडला, तुम्ही बटण दाबलंत, पण पासवर्ड टाकून आत शिरला नाहीत. उबंटू बाहेरची डिस्क आपणहून जोडतं ते कुणी लॉगिन केल्यावर. मुलाला फोन करून सांगा, ‘एफएसटॅब’ फाईलमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) डिस्कची ओळ घाल, यूयूआयडीने (डिस्कच्या ओळखक्रमांकाने) घाल, आणि ‘नोफेल’ विसरू नकोस. नाहीतर डिस्क काढलेल्या दिवशी लॅपटॉप सुरू होतानाच अडून बसेल. झाकण मिटल्यावर झोपी जायची सवयही त्याच बैठकीत मोडून घ्या.

यूट्यूबवर कुणी ‘एसएमबी-१ (फोल्डर वाटायची जुनी पद्धत) चालू करा’ म्हणाला तर व्हिडिओ बंद करा. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर थैमान घातलं ते त्याच जुन्या वाटेने. मुलाला पुण्याहून रेकॉर्डिंग्ज हवी असतील तर राउटरवर ४४५ पोर्ट (फोल्डर वाटपाचं दार) बाहेरच्या इंटरनेटला उघडू नका. टेलस्केल हे खासगी जोडणीचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे टाकलं की भागतं.

नॅसबद्दल एवढंच : एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर ठेवणारा दोन डिस्कवाला घेतलात, तरी चुकून पुसलेली फाईल दोन्हींवरून एकदमच पुसली जाते. त्या पैशात आधी दुसरी डिस्क घ्या. महिन्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढून दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवा. कॉपी झाल्यावर दोन-तीन कीर्तनं मध्येच कुठूनतरी लावून ऐका. फाईलचं नाव दिसलं म्हणजे आवाज आत आहे असं नसतं. आणि कॅसेट्स रद्दीत देऊ नका.