एकाच आजाराची तीन नावं?

प्रश्न : पुतण्याला (वय १९) महिनाभर ताप आणि अशक्तपणा होता. आमच्याकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच, म्हणून आधी तोच संशय घेतला. मग रक्तात ब्लास्ट (अपरिपक्व) पेशी निघाल्या. एका लॅबनं मायलॉइड ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) सांगितला, दुसरीनं लिम्फॉइड, आता नागपूरचे डॉक्टर 'मिक्स्ड फेनोटाइप' म्हणतात. गुणसूत्रांच्या रिपोर्टवर ११ आणि १९ यांची अदलाबदल लिहिली आहे. नेमकं खरं कोणतं?
– एक वाचक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : तिन्ही रिपोर्ट एकाच आजाराचे असू शकतात. मायलॉइड आणि लिम्फॉइड हे रक्तपेशींचे दोन वंश; ब्लास्टवर एकाहून जास्त वंशांच्या खुणा दिसल्या की 'मिक्स्ड फेनोटाइप' म्हणतात. फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरच्या प्रथिनांच्या खुणा ओळखणारी तपासणी) ज्या खुणा तपासल्या, त्याच दिसतात. पॅनेल (तपासलेल्या खुणांची यादी) अपुरं असलं की अर्धंच चित्र हाती येतं. मिक्स्ड म्हणायला मायलॉइड बाजूनं मुख्यतः एमपीओ ही खूण लागते. लिम्फॉइडमध्ये बी आणि टी असे दोन प्रकार; बी बाजूनं ठळक सीडी१९ आणि सोबत सीडी७९ए, सीडी२२ किंवा सीडी१० यांपैकी एक तरी हवं. टी बाजूनं पेशीच्या आतलं सीडी३. नुसत्या सीडी१३, सीडी३३ वरून मिक्स्ड ठरवू नये, कारण त्या खुणा लिम्फॉइडमध्येही सापडतात. हीच चूक वारंवार होते.

आता ११ आणि १९. गुणसूत्र ११ वरचा केएमटी२ए जनुक (जुन्या रिपोर्टांवर एमएलएल) तुटला का, हे फिश तपासणीत (जनुकाला चमकणाऱ्या रंगीत खुणा लावून पाहतात) कळतं. निरोगी पेशीत लाल-हिरवे ठिपके चिकटून दोन जोड्या दिसतात; जनुक तुटला की एका जोडीतला लाल आणि हिरवा वेगळे पडतात. पण जोडीदार (तुटलेला तुकडा ज्याला जुळला तो जनुक) कोण, ते या ठिपक्यांवरून कळत नाही. १९ वर पी१३.३ या पट्ट्याला तुटलं असेल तर लिम्फॉइड किंवा मिक्स्ड आजार जुळतो, पी१३.१ असेल तर तो बहुतेक मायलॉइडच असतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे दोन पट्टे सहज गल्लत करायला लावतात, म्हणून आरटी-पीसीआर किंवा जनुकांचं सिक्वेन्सिंग करून घ्या. फिलाडेल्फिया गुणसूत्र (९ व २२ यांची अदलाबदल) तपासलं का, तेही विचारा. ते निघालं तर केमोसोबत इमॅटिनिब किंवा डासाटिनिबसारखी गोळी द्यावी लागते.

अस्थिमज्जेचा नमुना पुन्हा द्यायची वेळ आली, तर पहिल्या ओढीचा (सिरिंजनं पहिल्यांदा ओढलेला) १-२ मिली या तपासण्यांना द्यायला सांगा. पुढच्या ओढीत रक्त मिसळतं. गुणसूत्रांसाठी हिरव्या टोपणाची हेपॅरिन नळी, फ्लो आणि पीसीआरसाठी जांभळी ईडीटीए. हेपॅरिन पीसीआरला अडथळा आणतं. गुणसूत्रं मोजायला जिवंत, विभागणाऱ्या पेशी लागतात. त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेली किंवा थेट बर्फावर ठेवलेली नळी वाया जाते. इन्सुलेटेड डब्यात, गार पॅक कापडात गुंडाळून, २४ तासांत लॅबला पोचवा.

तापासाठी गावात स्टेरॉइडचं इंजेक्शन वा गोळ्या दिल्या असतील, तर डॉक्टरांना तारखेसह सांगा. त्यानं लिम्फॉइड ब्लास्ट कमी होऊन रिपोर्टचा रंगच बदलतो.

सगळे रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबवू नका. बहुतेक ठिकाणी लिम्फॉइड पद्धतीची केमो सुरू करतात, पाठीतलं पाणीही तपासतात. केएमटी२ए मुळे आजार उलटण्याचा धोका जास्त, म्हणून आजार पहिल्यांदा आटोक्यात आला की लगेच मज्जा प्रत्यारोपणाचा विचार होतो. सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी (दाता जुळतो का, ते पाहणारी) आत्ताच करून घ्या. दाता शोधायला वेळ लागतो.